पोलंडचे किल्ले आणि राजवाडे: तिकिटं, रस्ते आणि जुनं-नवं ओळखणं

भुईकोट
पोलंडचा कार्यक्रम आखताना बहुतेकजण शहरं धरून दिवस मोजतात. क्राकूफ दोन दिवस, वॉर्सा दोन दिवस, जमलं तर ग्दान्स्क. किल्ला मग त्या शहरातल्या एखाद्या दुपारी कोंबला जातो आणि गणित चुकतं. तिथले मोठे किल्ले म्हणजे एक दार, एक तिकीट असा मामला नसतो. क्राकूफच्या वावेल टेकडीवरच्या राजवाड्यात पहिल्या मजल्यावरची राजाची खासगी दालनं, दुसऱ्या मजल्यावरची दरबारी दालनं, खजिना, शस्त्रागार, टेकडीच्या पोटातली गुहा या सगळ्यांची तिकिटं वेगवेगळी. बरेचदा प्रवेशाची वेळही ठरलेली. दिवसाला किती माणसं आत सोडायची याला मर्यादा आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बारानंतर खिडकीवर गेलात तर हवं ते दालन मिळेलच असं नाही. अंगण मात्र फुकट. अंगण बघून ‘वावेल पाहिला’ म्हणणारे पुष्कळ असतात.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कोणती दालनं बघायची ते ठरवा, त्यांच्या वेळा घ्या, मग शहरातलं बाकीचं त्याभोवती बसवा.

सुरुवात ग्दान्स्कजवळच्या माल्बोर्कपासून करतो, कारण पूर्ण दिवस मागणारा किल्ला हा एकच. ट्यूटॉनिक सरदारांच्या, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या, पंथाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधायला घेतला. १३०९ मध्ये पंथप्रमुखाने आपली गादी व्हेनिसहून इथे आणली. क्षेत्र सुमारे २१ हेक्टर. जागा सपाट, एका बाजूला नोगात नदी, बाकी खंदक. आपल्या भाषेत अस्सल भुईकोट. विस्तुला नदीच्या या गाळाच्या मुलखात बांधकामाचा दगड नाही, म्हणून सगळं विटेचं. १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत पंथाचं कंबरडं मोडलं तरी त्यानंतरच्या वेढ्यात किल्ला पडला नाही. तो गेला पैशापायी: पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांनी १४५७ मध्ये तो पोलंडच्या राजाला विकून टाकला.

आतला मार्ग ठरलेला आहे. ऑडिओगाइड तिकिटातच येतो. सगळं नीट ऐकत गेलं तर तीन ते साडेतीन तास लागतात. ‘दीड तासात उरकू’ म्हणणारे मधला किल्ला पाहून दमतात आणि खरा गाभा असलेला उंच किल्ला पळत बघतात. उलट करा. मधल्या किल्ल्यातलं अंबरचं (जीवाश्म राळेचं) प्रदर्शन झटपट उरका आणि वेळ पुढच्यासाठी राखा.

रुळावरून
उत्तम धागा. गाड्यांचं मी लिहितो, कारण माल्बोर्कला पैसे इथेच वाया जातात.

ग्दान्स्कहून माल्बोर्क साधारण ५०-६० किलोमीटर. पेंडोलिनो ही महागडी जलद गाडी सुमारे अर्ध्या तासात पोचवते, प्रादेशिक गाडी पाऊण तासाच्या आसपास घेते. तिकिटात फरक बराच, वेळेत दहा-वीस मिनिटांचा. इतक्या छोट्या पल्ल्याला प्रादेशिक गाडीच बरी. फक्त हे पक्कं लक्षात ठेवा की एका कंपनीचं तिकीट दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चालत नाही. पोलरेजिओ या प्रादेशिक कंपनीचं तिकीट घेऊन इंटरसिटी कंपनीच्या गाडीत चढलात तर तुम्ही विनातिकीटच. पेंडोलिनोत तर आरक्षण सक्तीचं आहे, आत तिकीट काढायला गेलात तर दणदणीत जादा आकार. मशिनवर तिकीट घेताना गाडीचा प्रकार आणि वेळ दोन्ही बघा.

वॉर्साहून ग्दान्स्ककडे जाणाऱ्या बऱ्याच जलद गाड्या माल्बोर्कला थांबतात. सकाळी वॉर्सा सोडा, माल्बोर्कला उतरा, सामान लॉकरमध्ये टाका, किल्ला बघा आणि संध्याकाळी ग्दान्स्कला मुक्कामाला जा. पुन्हा उलटं यावं लागत नाही. लॉकर भरलेले निघू शकतात, म्हणून मोठ्या बॅगा असतील तर एवढं धाडस नको. स्टेशनपासून किल्ला रमतगमत १५-२० मिनिटं.

चौकोनी चिरा
भुईकोट, माल्बोर्कमध्ये काय चुकवू नये ते थोडं सविस्तर लिहायला हवं.

पहिलं, पंथप्रमुखाच्या प्रासादातलं उन्हाळी भोजनदालन. अख्खं छत मधल्या एकाच सडपातळ दगडी खांबावर तोललेलं. भिंतीत तोफेचा दगडी गोळा रुतलेला दिसेल. वेढा घालणाऱ्यांनी तो खांब नेमका फोडून छत सरदारांच्या अंगावर पाडायचा बेत केला होता, अशी कथा सांगतात. कथा कथेसारखी घ्या. पण खांबाकडे बघितल्यावर ती का जन्मली ते कळतं.

दुसरं, जमिनीखालची उष्णता. काही दालनांच्या फरशीत झाकणं असलेली भोकं दिसतात. खाली तळघरात भट्टी आणि तिच्यावर दगडांची रास असे. आधी विस्तव पेटवून दगड तापवायचे, धूर धुराड्यातून घालवायचा, आग विझली की झाकणं उघडायची. मग वर स्वच्छ गरम हवा येते. भोकं लहान आहेत आणि लोक त्यांच्यावरून चालत जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तिसरं, ‘ग्दानिस्को’. मुख्य किल्ल्यापासून लांब काढलेला बुरूज आणि तिकडे नेणारी उंच कमानींवरची बंदिस्त वाट. ही सरदारांची शौचकूपं. घाण थेट खाली वाहत्या पाण्यात. वेळप्रसंगी शेवटचा आसरा म्हणूनही बुरूज लढवता येई. या प्रकाराची खरी भव्यता पाहायची तर शेजारच्या क्वीजिनला जा. तिथली वाट ५० मीटरहून लांब आहे आणि गर्दी जवळजवळ नाही.

चौथं, उंच किल्ल्यातल्या चर्चचं ‘सोनेरी द्वार’ आणि त्याखालचं सेंट अ‍ॅनचं चॅपल, जिथे पंथप्रमुखांची थडगी आहेत. बाहेरून पूर्वेच्या टोकाला मेरीची मोझेकने मढवलेली सुमारे ८ मीटरची मूर्ती आहे. १९४५ मध्ये ती नष्ट झाली होती, २०१६ मध्ये पुन्हा उभी राहिली. ती आतून दिसत नाही. किल्ल्याला बाहेरून वळसा घालावा लागतो.

फिरस्ती
त्यात भर. किल्ल्याची नदीकडची बाजू पश्चिमेला आहे. सकाळी पलीकडच्या काठावर जाऊन फोटो काढलेत तर समोरून ऊन आणि किल्ला काळाठिक्कर. पादचारी पूल ओलांडायचा तो बाहेर पडल्यावर, दुपारी उशिरा. डिसेंबरात मात्र तिकडे साडेतीनच्या आतच सूर्य मावळतो. हिवाळ्यात आतल्या वेळाही आखडतात, म्हणून उघडतानाच दारात हजर राहा.

सोमवार टाळा. सोमवारी सहसा अंगणांचा आखूड मार्ग तेवढा खुला ठेवतात, आतली बरीच दालनं बंद. आणि सगळीकडे हे लागू धरा: बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ यांत तासाचा तरी फरक असतो. पाटीवर सहा लिहिलंय म्हणून साडेपाचला पोचलात तर दारातूनच परत.

पेन्शनर_पुणे
माहिती फार उपयोगी. दोन प्रश्न. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, गुडघ्यांचा त्रास. वावेलमध्ये चढ-उतार किती? आणि फुकट दिवस असतो म्हणतात तो घ्यावा का?

भुईकोट
काका, वावेलची टेकडी बुटकी आहे, उतरणीचा फरसबंद रस्ता वर जातो, तो जमेल. दगड गोटे बसवलेले आहेत, पावसात निसरडे होतात, तेवढं सांभाळा. दोन जागा तुम्ही सोडून द्या. एक ‘स्मोचा यामा’ म्हणजे ड्रॅगनची गुहा, १३५ पायऱ्यांचा अरुंद गोल जिना खाली. दुसरी, कॅथेड्रलमधल्या झिगमुंट घंटेचा मनोरा, लाकडी जिने आणि डोकं आपटेल अशा तुळया. घंटा १५२० मध्ये ओतलेली, बारा-तेरा टनांची, बघण्यासारखी आहे, पण गुडघ्यांपेक्षा मोठी नाही.

ज्यांना गुहा करायची आहे त्यांनी ती सगळ्यात शेवटी ठेवावी. बाहेर पडायची वाट खाली नदीकाठी, आग ओकणाऱ्या ड्रॅगनच्या पुतळ्यापाशी निघते. वर काही बघायचं राहिलं असेल तर टेकडी पुन्हा चढा. थंडीच्या महिन्यांत गुहा बंद असते.

सुमेधा_वि
फुकट दिवसाबद्दल मी सांगते, काका. पोलिश कायद्यानुसार संग्रहालयांना आठवड्यातला एक दिवस कायमस्वरूपी प्रदर्शनं विनामूल्य ठेवावी लागतात. दिवस प्रत्येकाचा वेगळा. वॉर्साच्या राजवाड्याचा बुधवार बरीच वर्षं ठरलेला आहे. फुकट म्हणजे सरळ आत असं मात्र नाही, खिडकीवरून शून्य किमतीचं तिकीट घ्यावंच लागतं. ऑडिओगाइडचे पैसे वेगळे पडू शकतात. तात्पुरती प्रदर्शनं सवलतीत नसतात. रांगही त्या दिवशी सगळ्यात मोठी. उभं राहायचा त्रास असेल तर पैसे देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी जावं हे माझं मत.

पैसे वाचवायचेच तर नोव्हेंबर बघा. राजघराण्याच्या जुन्या निवासांमध्ये, म्हणजे वावेल, वॉर्साचा राजवाडा, विलानुफ, वाझियेन्की वगैरे ठिकाणी, गेली बरीच वर्षं नोव्हेंबरभर मोफत प्रवेशाची मोहीम असते. त्या वर्षीची घोषणा वाचूनच तिकिटं काढा. १ नोव्हेंबर (सर्व संतांचा दिवस) आणि ११ नोव्हेंबर (स्वातंत्र्यदिन) या सुट्ट्या आहेत, त्या दिवसांचं वेळापत्रक वेगळं बघा.

वावेलबद्दल आणखी दोन गोष्टी. कॅथेड्रलचा कारभार राजवाड्यापासून वेगळा, तिकीटखिडकीही वेगळी, कॅथेड्रलच्या समोर. रविवारी पर्यटकांना साडेबारापर्यंत सोडत नाहीत. आत फोटो काढायला बंदी. आणि एर्मिन हा मुंगसासारखा प्राणी हातात धरलेल्या बाईचं लिओनार्दोचं चित्र वावेलमध्ये नाही! जुन्या मार्गदर्शिकांमुळे लोक अजून तिथे शोधतात. ते २०१९ पासून शहरातल्या चार्तोरिस्की संग्रहालयात आहे.

चौकोनी चिरा
वावेलमध्ये एकच तिकीट घ्यायचं झालं तर दुसरा मजला घ्या. राजदूतांच्या दालनाच्या लाकडी छतात कोरलेली माणसांची डोकी आहेत. मूळ १९४ होती, ३० उरली. दुसरा ऐवज म्हणजे झिगमुंट ऑगुस्ट राजाने सोळाव्या शतकाच्या मध्याला ब्रसेल्सला विणून घेतलेले भिंतपडदे. १९३९ मध्ये ते वाचवण्यासाठी देशाबाहेर काढले, १९४० मध्ये थेट कॅनडात पोचवले आणि ते परतायला १९५९-६१ उजाडलं. कोणता पडदा कुठल्या दालनात लावलाय ते बदलत असतं.

तैलबैला
सगळं ठीक, पण हे किल्ले खरे किती आणि नवे किती? वॉर्साचा राजवाडा तर १९८४ चा आहे म्हणे. मग बघायचं काय?

चौकोनी चिरा
प्रश्न अगदी रास्त, आणि पोलंडमध्ये प्रत्येक किल्ल्याला तो विचारलाच पाहिजे.

वॉर्सा: १९३९ मध्ये बाँबवर्षावात छत जळलं. त्यानंतर जर्मनांनी भिंतींत सुरुंगासाठी भोकं पाडून ठेवली आणि १९४४ मध्ये उरलेलं उडवून दिलं. पण मधल्या काळात संग्रहालयातल्या लोकांनी चित्रं, चौकटी, कोरीव तुकडे, जे हाती लागेल ते बाहेर काढून लपवलं होतं. १९७१ ते १९८४ मध्ये वाडा पुन्हा उभारताना ते तुकडे आपापल्या जागी बसवले. आत गेल्यावर सोनेरी मुलामा नवा आहे हे उघड दिसतं. त्याच्याशी भांडत बसू नका. बेलोत्तो या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली वॉर्साची चित्रं बघा, जुनं शहर पुन्हा बांधताना त्यांचाही आधार घेतला होता. रेम्ब्रांची दोन चित्रंही इथेच आहेत. मनोऱ्यावरचं घड्याळ १७ सप्टेंबर १९३९ ला सव्वाअकराला थांबलं होतं, १९७४ मध्ये ते त्याच वेळेला पुन्हा सुरू केलं.

माल्बोर्क: इथे थर जास्त आहेत. १८८२ पासून श्टाइनब्रेख्त या वास्तुविशारदाने चाळीसेक वर्षं किल्ला ‘मध्ययुगीन’ केला. १९४५ च्या लढाईत निम्म्याहून जास्त उद्ध्वस्त झाला, मग पोलिश काळात पुन्हा बांधला. ओळखायचं कसं? विटा बघा. हाताने थापलेली जुनी वीट आकाराने मोठी, कडा वाकड्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. कारखान्याची वीट सरळ, एकसारखी. रचनाही बघा. अगदी जुन्या भिंतींत दोन विटा लांबीने आणि मग एक टोक बाहेर काढून, अशी ओळ असते. चौदाव्या शतकात एक लांबीने, एक टोकाने अशी आलटूनपालटून येते. एकाच भिंतीत रंगाची आणि रचनेची रेघ बदलली की समजा, इथे दुरुस्ती आहे.

तैलबैला
म्हणजे निम्मा किल्ला एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनाची कल्पना. याला जागतिक वारसा म्हणायचं?

सुमेधा_वि
म्हटलंय. माल्बोर्क १९९७ मध्ये यादीत गेला आणि जीर्णोद्धाराचा इतिहास हाच त्याच्या महत्त्वाचा भाग मानला गेला. वॉर्साचं जुनं शहर तर १९८० मध्ये पुनर्बांधणीचं उदाहरण म्हणूनच घेतलं. रायगडावर काय उभारावं, काय नुसतं राखावं यावर आपल्याकडे हमरीतुमरी होते, त्यांनी या जागा जरूर बघाव्यात.

त्यासाठी सगळ्यात सोयीची जागा म्हणजे बोबोलित्से आणि मिरुफ. क्राकूफ आणि चेन्स्तोहोवा यांच्या मधल्या चुनखडीच्या डोंगररांगेवर जुन्या सरहद्दीचे किल्ले आहेत. ‘गरुडघरट्यांची वाट’ या नावाने साधारण १६० किलोमीटरची पायवाट त्यांना जोडते, तिच्या खुणा लाल. बोबोलित्से खासगी मालकांनी १९९९ ते २०११ मध्ये नव्याने उभारला, छप्परबिप्परासकट. दीड किलोमीटरवरचा मिरुफ अवशेष म्हणूनच राहिला. कड्याच्या कडेने चालत अर्ध्या तासात दोन्ही होतात. बोबोलित्से मला दिखाऊ वाटतो. पण लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना तोच आवडणार.

तैलबैला
हे पटलं. गिर्यारोहणाच्या अंगाने ओग्रोज्येन्येत्सचंही लिहा कोणीतरी.

रुळावरून
ओग्रोज्येन्येत्स त्या रांगेतला सगळ्यात मोठा अवशेष, ५१५ मीटर उंचीच्या टेकडीवर. चुनखडीचे सुळकेच भिंती म्हणून वापरलेत. तुमच्या सह्याद्रीच्या सवयीला चढ काहीच नाही. अडचण बसची आहे. रेल्वेने झाविएर्चे गाठायचं, तिथून बस सुमारे दहा किलोमीटर. पण किल्ला ओग्रोज्येन्येत्स गावात नाही, शेजारच्या पोद्झाम्चे गावात आहे. ओग्रोज्येन्येत्सला उतरलात तर दोन किलोमीटर पायपीट. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी होतात, म्हणून परतीची शेवटची बस जातानाच थांब्यावरच्या तक्त्यात बघून फोटो काढून ठेवा.

नावांचे असे सापळे तिकडे पुष्कळ. ओल्श्तिन दोन आहेत. एक चेन्स्तोहोवाजवळचं गाव, याच वाटेवरचे पांढरे अवशेष. दुसरं उत्तरेकडचं मोठं शहर, तिथेही किल्ला आहे आणि त्यात कोपर्निकस राहिला होता. नुसतं नाव टाकून गाडीचं तिकीट काढलंत तर देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचाल. मोश्नाचंही तसंच: ९९ मनोरे आणि ३६५ खोल्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला वाडा ओपोले प्रांतात आहे, वॉर्साजवळच्या मोश्नात नव्हे. मोश्ना आणि ऊयाझ्दचा क्शिश्तोपूर किल्ला, दोन्ही गाडी भाड्याने घेतली तरच सुखाचे.

फिरस्ती
क्शोंझ किल्ल्याचाही सापळा सांगून टाका. व्रोत्स्वाफहून वाउब्झिखला जायचं, पण त्या शहरात स्टेशनं अनेक. ‘ग्वुव्नी’ म्हणजे मुख्य म्हणून लोक तिथे उतरतात आणि ते किल्ल्यापासून सगळ्यात लांब! श्चाविएन्को हे व्रोत्स्वाफकडून येताना आधी लागतं आणि किल्ल्याला सगळ्यात जवळ. शहरातून ८ नंबरची बस किल्ल्याकडे जाते.

चौकोनी चिरा
क्शोंझला अपेक्षा नीट ठेवून जा. माल्बोर्क आणि वावेलनंतरचा हा तिसरा मोठा किल्ला, बाहेरून अप्रतिम. होखबेर्ग घराण्याकडे तो सोळाव्या शतकापासून होता. नाझींनी ताब्यात घेऊन आतलं पुष्कळ तोडलं, खाली ग्रोस-रोझेन छावणीच्या कैद्यांकडून बोगदे खणवले, नंतर सोव्हिएत सैन्याने उरलंसुरलं नेलं. त्यामुळे मॅक्सिमिलियन दालन सोडलं तर आत बरंच रिकामं वाटतं. बोगदे २०१८ पासून खुले आहेत. ते फक्त गाइडबरोबर आणि ठरलेल्या वेळी, म्हणून आधी बोगद्याची वेळ घ्या, मग वरचं. उन्हाळ्यातही जॅकेट हवं.

भरलेला वाडा बघायचाच तर होखबेर्गांचाच प्श्चिना, कातोवित्सेहून रेल्वेने. तिथलं मूळ सामान बहुतांश टिकलंय. नाहीतर झेशूफजवळचं वाइन्त्सुत. तिथला शेवटचा मालक १९४४ मध्ये रशियन सैन्य यायच्या आधी रेल्वेचे ११ डबे भरून ऐवज घेऊन गेला, तरी दालनं भरलेली आहेत आणि बग्ग्यांचा संग्रह प्रचंड आहे. त्यासाठी वेगळा तास ठेवा. वाइन्त्सुतसारख्या ठिकाणी हिवाळ्यात डागडुजीसाठी दालनं बंद ठेवतात, तपासून जा.

कडधान्य
शाकाहारींसाठी. किल्ल्याच्या आवारातल्या खानावळी महाग आणि मांसाहारी. ‘रुस्किए’ पियेरोगीत (उकडलेल्या करंज्यांत) बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं, पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकायची पद्धत आहे. मागवतानाच ‘बेझ स्क्वारेक’ (ते तुकडे नकोत) म्हणा. झुरेक सूपमध्ये सॉसेज असतंच. बीटाच्या बार्श्चला बऱ्याचदा हाडांचं पाणी वापरतात. बटाट्याचे प्लात्स्की (तळलेली धिरडी) आणि गोड नालेश्निकी (पातळ पॅनकेक) बिनधोक. स्वस्तात पोट भरायला शहरातला ‘बार म्लेच्नी’.

रविवारी बहुतेक मोठी दुकानं कायद्याने बंद असतात, म्हणून सोबतचा खाऊ शनिवारी घ्या. आणि १ ते ३ मे टाळा. सगळा देश सुट्टीवर, झाडून सगळे किल्ल्यांवर.

सुमेधा_वि
वॉर्सात राजवाडा पाहून झाला की जुन्या शहरातून क्राशिन्स्की बागेकडे चालत १५-२० मिनिटं. बागेच्या तोंडाशी सतराव्या शतकातला क्राशिन्स्की राजवाडा आहे. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०२४ मध्ये तिथे आपल्या दुर्मीळ हस्तलिखितांचं कायमचं प्रदर्शन उघडलं. बागेपलीकडे दुसऱ्या महायुद्धातल्या मोन्ते कास्सिनो लढाईचं स्मारक आणि त्यापाशीच कोल्हापूरचं स्मरणचिन्ह आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, त्याची ती आठवण.

पेन्शनर_पुणे
आम्ही मूळचे कोल्हापूरचे, हे नक्की बघू. विलानुफ आणि वाझियेन्की एका दिवसात होईल का? आणि नमदा पायात घालावा लागतो म्हणतात तो काय प्रकार?

भुईकोट
होईल काका, पण क्रम असा ठेवा: सकाळी उघडतानाच विलानुफ. तो सोबिएस्कीचा, म्हणजे १६८३ ला व्हिएन्ना वाचवणाऱ्या राजाचा, आणि १८०५ पासून लोकांना खुला. शहराच्या मध्यातून ११६ किंवा १८० नंबरची बस थेट जाते. दुपारी त्याच बसने परत येताना वाझियेन्कीला उतरा. बाग फुकट, पाण्यावरच्या राजवाड्याला तिकीट, सोमवारी तो बंद. मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर रविवारी १२ आणि ४ वाजता शोपँच्या पुतळ्यापाशी खुली मैफल असते. बाकं लवकर भरतात, अर्धा तास आधी बसा.

नमद्याच्या सपाता लाकडी फरशी जपायला असतात, बुटांवरूनच चढवायच्या. पोझ्नानजवळच्या कुर्निकला हमखास मिळतात. त्या घालून पाय उचलायचे नाहीत, घासत चालायचं, आणि जिन्यावर कठडा धरायचा. मोठी पिशवी, छत्री आणि जाड कोट ‘शात्निया’त (कोट-सामान ठेवायच्या खोलीत) ठेवायला लावतात. पासपोर्ट, औषधं आणि पाकीट तेवढं छोट्या खांद्यावरच्या पिशवीत वेगळं काढून ठेवा.